टोपीची उलटी बाजू

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला एक फोटो ऐकवणार आहे.

फोटोत एक टोपी आहे. निळ्या सुती कापडाची, चहूबाजूंनी रुंद काठ असलेली, उन्हात घालतात तशी. पण ती कुणाच्या डोक्यावर नाही. खिडकीजवळच्या टेबलावर ती उताणी ठेवलेली आहे, त्यामुळे तिची आतली बाजू दिसते. अस्तर अजून लावायचंय. माथ्याचा गोल तुकडा बाजूच्या पट्टीला जिथे जोडलाय, तिथे पट्टीच्या कडेला कात्रीनं बारीक बारीक चिरा दिल्यात. मी त्या मोजल्या होत्या, २२ आहेत. एका ठिकाणी दोरा संपून नवा सुरू झालाय, तिथे टीप दुहेरी पडलीय. खडूची एक पांढरी खूण पुसायची राहून गेलीय.

हा फोटो मला माझ्या एका मैत्रिणीनं पाठवला. त्याच्या आठवडाभर आधी तिनं याच नमुन्याची टोपी घालून काढलेला फोटो आम्हा सगळ्यांना पाठवला होता. आम्ही "सुरेख", "मस्त" असं कळवलं आणि आपापल्या कामाला लागलो. मला मात्र ती टोपी काही सोडेना. मी कापड काढलं, माथा कापला, पट्टी कापली, जोडायला बसले आणि अडकले. जोडावर चुण्या पडत होत्या. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा चुण्या. तिसऱ्यांदा उसवल्यावर कापडाला सुईची भोकं दिसायला लागली. त्या रात्री मी ते बिघडलेलं काम दिव्याखाली धरलं, फोटो काढला आणि तिला पाठवला. सोबत एवढंच लिहिलं, "हे असं का होतंय?" उत्तरात शब्द नव्हते. हा उताण्या टोपीचा फोटो होता. तिनं दुसरी टोपी शिवायला घेतली होती, ती अर्ध्यात थांबवून माझ्यासाठी काढलेला.

त्या चिरांमध्ये सगळं होतं. जरा समजावून सांगते, कारण गोल आणि सरळ कापड जोडताना जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो.

शिवणीच्या रेघेबाहेर जे कापड आपण सोडतो त्याला शिवणकामात माया म्हणतात. किती गोड शब्द आहे बघा. समजा डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर आहे. टोपी कपाळाला करकचू नये म्हणून १ सेंटीमीटर सैल धरला, म्हणजे झाले ५८. माथ्याचा गोल तेवढ्याच घेराचा हवा असेल तर ५८ ला ६.२८ नं भागायचं. त्रिज्या येते साधारण सव्वानऊ सेंटीमीटर. ही शिवणीची रेघ. तिच्याबाहेर १ सेंटीमीटर माया सोडून गोल कापला की कापलेली कड रेघेपेक्षा सव्वासहा सेंटीमीटरनं लांब होते. बाजूची पट्टी मात्र सरळ आहे. तिची रेघ जेवढी, कडही तेवढीच. आता ही आखूड कड त्या लांब कडेवर बसवायची म्हणजे ओढाताण होणारच, आणि त्या ओढाताणीच्या चुण्या रेघेवर उमटणार. म्हणून जोडण्याआधी पट्टीच्या मायेला चिरा द्यायच्या आणि रेघेच्या अलीकडे दोन-तीन मिलिमीटरवर हात थांबवायचा. चिरा पंख्यासारख्या उघडतात आणि पट्टी निमूटपणे गोलावर बसते. त्याआधी रेघेला लागून एक साधी टीप मारून ठेवली तर चीर पुढे फाटतही नाही.

मीही चिरा दिल्या होत्या, पण गोलाला. पट्टी तशीच आखूड राहिली होती. घातलेल्या टोपीच्या फोटोकडे मी कितीही वेळ बघत बसले असते, तरी हे मला कळलं नसतं. म्हणून आज आग्रहानं सांगावंसं वाटतं की छंदाचे फोटो जरूर पाठवा, एकमेकांना दाखवा, पण सुलट बाजूबरोबर उलट बाजूचाही एक फोटो काढा.

आपल्या छंदाचं चित्र दुसऱ्याच्या हाती देणं ही काही आजची हौस नाही. ॲना ॲटकिन्स या इंग्लंडमधल्या बाईंना वनस्पतींचा नाद होता. १८४२ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी निळ्या प्रतिमांची एक पद्धत शोधून काढली. रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवायची, ऊन दाखवायचं आणि कागद पाण्यानं धुवायचा. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो आणि वस्तूखाली झाकलेला भाग पांढरा राहतो. कॅमेरा लागतच नाही. ॲटकिन्सबाईंनी समुद्रातली शैवालं त्या कागदावर ठेवून प्रतिमा काढायला घेतल्या आणि १८४३ पासून पुढची दहा वर्षं त्या भागाभागांनी तयार करून आपल्या परिचयातल्या अभ्यासकांना पाठवत राहिल्या. प्रत्येक प्रत हातानं केलेली. शैवालाची नावंही त्यांच्याच हस्ताक्षरातली, तीही प्रतिमेतच उमटलेली. मला यातलं फार आवडतं ते हे, की चित्राबरोबर वस्तूचं नाव गेलं आणि करणाऱ्या हाताचं वळणही गेलं.

याच्या उलट गोष्ट एका टोपीची आहे. पनामा हॅट तुम्ही पाहिली असेल, फिकट रंगाची, हलकी, गवती दिसणारी. ती विणतात इक्वाडोरमध्ये, तोकिया नावाच्या वनस्पतीच्या पात्यांच्या बारीक पट्ट्यांपासून. माल पनामामार्गे जगभर जायचा, म्हणून नाव पनामाचं पडलं. नोव्हेंबर १९०६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम बघायला गेले. फिकट रंगाचे कपडे आणि तशीच टोपी घालून, वाफेवर चालणाऱ्या अवाढव्य खोदयंत्रात बसलेला त्यांचा फोटो गाजला. फोटोत रूझवेल्ट आहेत, यंत्र आहे, टोपी आहे. ती विणणारे हात कुठेच नाहीत. उत्तम पनामा हॅट विणायला कित्येक महिने लागतात, आणि ते विणकाम २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. तरी आजही बहुतेकांना ती पनामाचीच वाटते. फोटोखाली आपण काय लिहितो आणि काय लिहायचं राहून जातं, याला किती वजन असतं! तेव्हा दुसऱ्यानं शिवलेल्या टोपीचा फोटो पुढे पाठवताना, त्या माणसाची हरकत नसेल तर, ती कुणी केली हे जरूर लिहा. नमुना कुणाकडून घेतला तेही लिहा. एका ओळीचं तर काम आहे.

आता टीप वाचण्याबद्दल. हो, टीप वाचता येते. हातशिलाईत सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं नेढं पुढच्या टोकाशी. एलियास हाव यांनी १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यात ही युक्ती होती. सुई दोऱ्यासकट कापडात उतरते, वर येताना खाली दोऱ्याचा एक फासा सोडते आणि त्या फाशातून खालचा दोरा जातो. दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात ते कापडाच्या पोटात, दोन थरांच्या मध्ये. ताण बरोबर असेल तर वरून आणि खालून टीप अगदी सारखी दिसते. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फासे लोंबत असतील तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. ताण सैल असतो, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. नवी माणसं मात्र खाली गुंता दिसला म्हणून खालच्या दोऱ्याची रिळी, म्हणजे बॉबिन, काढून काढून तपासत बसतात. दोन्ही बाजूंचा जवळून काढलेला एक-एक फोटो मिळाला तर जाणकार माणूस हजार मैलांवरून सांगू शकतो, बाई गं, बॉबिनला हात लावू नकोस, वरचा दोरा काढून पुन्हा ओव, आणि ओवताना मशीनचा कापड दाबून धरणारा पाय वर असू दे.

असे फोटो काढायचे कसे, हेही थोडं सांगते. फ्लॅश नको. समोरून येणाऱ्या प्रकाशात टाके सपाट दिसतात, कापडाची वीण मरते. खिडकीतून एका बाजूनं येणारा उजेड घ्या. तो आडवा पडला की प्रत्येक टाक्याची छोटी सावली पडते आणि टाका उठून दिसतो. काळी टोपी असेल तर तुम्हाला अनुभव असेल, फोटोत ती राखाडी येते. आणि पांढरी टोपीही मळकट राखाडीच येते. कापडाची यात चूक नाही. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. म्हणून काळ्यासाठी उजेड थोडा कमी करायचा आणि पांढऱ्यासाठी थोडा वाढवायचा. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून वर-खाली सरकवलं की बहुतेक फोनमध्ये हे होतं. टोपी घातलेल्या माणसाचा फोटो घेताना फार जवळ जाऊ नका. जवळून काढलं की पुढचा काठ ताटाएवढा दिसतो आणि चेहरा त्याच्या सावलीत बुडतो. दोन-तीन पावलं मागे जा, झूम वापरा, आणि त्या माणसाच्या हातात मांडीजवळ एक पांढरा कागद द्या. कागदावरून उडालेला उजेड काठाखाली शिरतो आणि डोळे दिसायला लागतात. शिवणीच्या जवळच्या फोटोत मोजपट्टीचा एक तुकडा ठेवा. टाका दोन मिलिमीटरचा की चारचा, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

विणकाम असो, लाकूडकाम असो, बागेतली झाडं असोत, हेच थोड्याफार फरकानं तिथेही लागू आहे. क्रोशाच्या कामात पहिली साखळी दिसू दे, लाकडात जोड दिसू दे, झाडाच्या फोटोत मातीही येऊ दे. सगळे प्रकार घेऊन बसत नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते. लहान मुलाच्या डोक्यावर टोपी घालून फोटो काढला तर तो पुढे पाठवण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारा, आणि मूल समजतं असेल तर त्यालाही विचारा. मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला ती जागासुद्धा नोंदलेली असू शकते. ती नोंद सेटिंगमध्ये बंद करता येते. टोपी कशी बसते एवढंच दाखवायचं असेल तर उलटं ठेवलेलं भांडंही डोक्याचं काम छान करतं.

मला खरी खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आपण फक्त पूर्ण झालेलं, इस्त्री केलेलं, देखणं तेवढं दाखवतो. नव्यानं सुई हातात घेतलेली मुलगी तसले पन्नास फोटो बघते, मग आपल्या वेड्यावाकड्या टिपेकडे बघते आणि सुई ठेवून देते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या पन्नासातल्या एकीनं जरी आपली उसवलेली शिवण दाखवली असती!

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये आल्प्समधल्या ओत्झताल डोंगरांत, बर्फात, एक माणूस सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ओत्झी म्हणतात, आणि त्याच्या वस्तू इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात आहेत. त्याची टोपी अस्वलाच्या कातड्याची आहे. केसाळ कातड्याचे तुकडे एकमेकांना शिवलेले, हनुवटीखाली बांधायला चामड्याच्या दोन पट्ट्या. त्याचे कपडे जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंनी शिवलेले आहेत. पण अंगरख्याच्या शिवणीत कुठे कुठे गवताचा दोरा आहे. शिवण सुटल्यावर जे हाताशी होतं त्यानं कुणीतरी ती सांधलेली. त्या वस्तूंचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघते, आणि माझी नजर दर वेळी त्या गवताच्या दोऱ्याकडे जाते. शिवताना तो माणूस कुठे बसला असेल, बोटं गारठली असतील का, असं काहीतरी मनात येत राहतं.

माझी निळी टोपी पूर्ण झाली. मैत्रिणीला विचारून मी तिचा तो उताण्या टोपीचा फोटो पुढे आणखी काही जणांना पाठवला. गेल्या महिन्यात त्यांतल्या एका मुलाचा मला फोटो आला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल, पहिलीच टोपी. टोपी उताणीच ठेवली होती. खिडकीचा उजेड डावीकडून, शेजारी मोजपट्टी. पट्टीला चिरा दिलेल्या, मी मोजल्या, २४ होत्या. त्यांतली एक चीर हात सुटून रेघेच्या पलीकडे गेली होती, पार टोपीच्या दर्शनी भागात. तिथे त्यानं हातानं रफू केलं होतं. निळा दोरा संपला असावा, कारण टाके लाल होते, जवळजवळ घातलेले, एकूण ११. फोटो त्यानं असा काढला होता की ते लाल टाके बरोबर मधोमध यावेत.