तीन चढ, एक मॅरेथॉन

[दृश्य : पहाटेचा अंधार, डोंगराच्या सोंडेवर दिव्यांची रांग]

सूर्योदयाला अजून तासभर अवकाश आहे. सोंडेवरून वर सरकणारे हे दिवे धावपटूंच्या कपाळावरील हेडलॅम्पचे आहेत. मैदानातून एकत्र निघालेला घोळका पहिल्याच किलोमीटरमध्ये तीन-तीन, चार-चार जणांच्या गटांत विभागला गेला, कारण येथील पायवाटेवर एका वेळी एकच माणूस मावतो. पुढच्याला ओलांडायचे असेल, तर आधी आवाज द्यावा लागतो आणि तो बाजूला होईपर्यंत त्याच्या मागे थांबावे लागते. शंभराहून कमी धावपटूंची ही डोंगरी मॅरेथॉन आहे. अंतर पूर्ण मॅरेथॉनचे आहे. मात्र वाटेत तीन मोठे चढ असून एकूण चढाई सुमारे 6,000 फूट भरते.

मॅरेथॉनसाठी 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरले गेले आणि 1921 मध्ये ते अधिकृत ठरले. रस्त्यावरील शर्यतींत या आकड्याला फार जपले जाते. सायकलच्या चाकाला गणकयंत्र जोडून मार्ग मोजतात, तो कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, आणि विक्रम मान्य व्हायचा असेल तर समाप्तीची जागा आरंभापेक्षा 42 मीटरहून अधिक खाली असून चालत नाही. डोंगरात यातले काहीच जमत नाही. मोजणीची सायकल कातळावर चढत नाही, कड्याखाली आणि दाट झाडीत मनगटावरची उपग्रहाधारित घड्याळे भरकटतात, आणि एकाच वाटेवरून आलेल्या दोघांच्या घड्याळांत वेगवेगळे अंतर दिसते. त्यामुळे संयोजक येथे मीटरचा हट्ट धरत नाहीत आणि धावपटूही विक्रमाच्या गोष्टी करत नाहीत. आकड्यांपासूनची ही मोकळीक छोट्या डोंगरी शर्यतींचे मोठे भांडवल आहे.

[दृश्य : आदला दिवस, फिती बांधणारे स्वयंसेवक]

शर्यतीचे निम्मे काम आदल्या दिवशी होते आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःही धावणारेच असतात. मार्ग आखताना त्यांना ताज्या नजरेने वाट पाहून चालत नाही. पंचवीस किलोमीटर धावून दमलेल्या, घाम डोळ्यांत उतरलेल्या आणि मान खाली घालून चढणाऱ्या माणसाला ही खूण दिसेल का, हा प्रश्न प्रत्येक फितीपाशी विचारावा लागतो. म्हणून फीत उंच फांदीवर न बांधता छातीच्या उंचीवर बांधतात. पहाटेच्या टप्प्यात तिला परावर्तक पट्टी जोडतात. जेथे वाट फुटते, तेथे योग्य वाटेच्या तोंडाशी दोन फिती लावतात, थोड्या अंतरावर खात्रीसाठी आणखी एक लावतात आणि चुकीच्या वाटेवर आडवी फांदी टाकून ती बंद करतात. उघड्या कातळावर बांधायला काहीच नसते. तेथे चुन्याची फक्की टाकतात, पण रात्री पाऊस झाला तर ती धुऊन जाते. म्हणून शेजारी दगडांची छोटी उतरंडही रचून ठेवतात. एवढे करूनही भरवसा नसतो, कारण चरायला आलेली गुरे फिती चघळतात. त्यामुळे पहिला धावपटू निघण्यापूर्वी दोन स्वयंसेवक अंधारातच पुढे जाऊन सगळा मार्ग पुन्हा तपासतात. आता पडद्यावर फांदीला गाठ मारणारा जो हात दिसतो आहे, तो त्यांच्यापैकीच एकाचा आहे. तो एक टोक मुद्दाम लांब सोडतो, म्हणजे वाऱ्यावर ते हलते आणि हलणारी वस्तू डोळ्यांना आधी दिसते.

वेळेची मर्यादा ठरवण्यासाठीही रस्त्याचे हिशेब कामाला येत नाहीत. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये डोंगरातील चालीसाठी एक सोपा आडाखा दिला होता : दर तीन मैलांना एक तास आणि दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास. या मार्गाला तो लावला, तर जो अजिबात धावत नाही, पण दमदार चालीने थांबल्याविना जातो, अशा माणसाला सुमारे पावणेबारा तास लागतील. संयोजकांनी मर्यादा बारा तासांची ठेवली आहे. म्हणजे जो चढ चालतो आणि सपाटीवर व उतारावर धावतो, त्यालाही विसाव्यासाठी, घसरण्यासाठी आणि सोबत्यासाठी थांबण्यास पुरेसा वेळ उरतो.

[दृश्य : पहिला चढ, हात गुडघ्यांवर, मान खाली]

उजाडता उजाडता पहिला खरा चढ सुरू होतो आणि जवळजवळ सगळेच चालू लागतात. नवख्या प्रेक्षकाला हे हार मानल्यासारखे वाटू शकते. प्रत्यक्षात तो हिशेब आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी धावपटूंना तिरप्या ट्रेडमिलवर धावायला लावून ऊर्जेचा खर्च मोजला. तो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे दर शंभर मीटरला वीस मीटर उंची घेणाऱ्या चढावर, तेवढेच अंतर धावण्यासाठी सपाटीच्या सुमारे अडीच पट ऊर्जा लागते. चढ त्याहून तीव्र झाला की एका मर्यादेनंतर त्याच वेगाने चालणे धावण्यापेक्षा स्वस्त पडते. अनुभवी धावपटूंना ही मर्यादा पोटऱ्यांतून कळते. टाच जमिनीला टेकेनाशी झाली आणि सारा भार चवड्यांवर आला की ते लगेच धावणे थांबवतात, कंबरेतून पुढे झुकतात, तळहात गुडघ्यांच्या जरा वर ठेवतात आणि प्रत्येक पावलाला हातांनी खाली दाब देतात. या दाबाने मांड्यांवरचा थोडा भार खांद्यांकडे जातो. कॅमेऱ्याने अगदी जवळून टिपलेल्या या पंजांकडे पाहावे. अंगठा आतल्या बाजूला आहे, बोटे बाहेर आहेत, कोपर जवळपास ताठ आहे आणि डाव्या पावलाबरोबर डावा हात दाब देतो.

याच चढावर गट जुळतात. सुरुवातीला कोण कोणासोबत निघाला याला फारसा अर्थ नसतो. ज्यांची चढाची चाल सारखी, ते आपोआप एकत्र येतात आणि पुढचे कित्येक तास एकत्र राहतात. चाल योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचे त्यांचे साधन म्हणजे गप्पा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आले, तर श्रम आवाक्यात आहेत. शब्द तुटू लागले, तर चाल कमी करावी. एकट्या धावणाऱ्याला ही चाचणी घेता येत नाही, आणि हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा ती जागा पूर्णपणे भरून काढत नाही, असे या गटांकडे पाहून वाटते. पुढे चालणाऱ्याचे बोलणे थांबले की मागचा न विचारता पुढे होतो आणि काही वेळ चालीची सूत्रे आपल्याकडे घेतो.

[दृश्य : खिंड, नंतर मोकळी धार, जोराचा वारा]

खिंड ओलांडून वाट उघड्या धारेवर येते. हवामानाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यात घामाने भिजलेले कपडे आणि वारा यांची भर पडली की शरीर झपाट्याने निवू लागते. म्हणून प्रत्येक धावपटूच्या पाठीवरील छोट्या पिशवीत हवारोधक जाकीट, शिट्टी आणि चकचकीत उष्णतारोधक चादर सक्तीने असते. धारेवर येताच पुढचा सोबती थांबतो, मागच्याच्या पिशवीची चेन उघडून जाकीट बाहेर काढून देतो आणि मगच स्वतःचे घालतो. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा यांमुळे 172 पैकी 21 धावपटू मृत्युमुखी पडले. त्या शर्यतीत हवारोधक जाकीट सक्तीचे नव्हते.

या धारेवरून खालचा सगळा मार्ग दिसतो आणि अशा शर्यतींचा इतिहास सांगायला याहून चांगली जागा नाही. अमेरिकेतील पाइक्स पीक या 4,302 मीटर उंचीच्या पर्वतावरची मॅरेथॉन 1956 मध्ये एका पैजेतून सुरू झाली. धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्यात अधिक दम कोणाला, हे ठरवायचे होते, आणि त्या वर्षी अवघे 13 जण धावले. तीन वर्षांनी, 1959 मध्ये, त्याच डोंगरावर आर्लीन पीपर यांनी 9 तास 16 मिनिटांत वर जाऊन खाली येण्याचे पूर्ण अंतर पार केले. अमेरिकेत अधिकृत मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली महिला म्हणून आज त्यांची नोंद आहे. मात्र आपण असे काही केले आहे, हे त्यांना स्वतःला 2009 मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी कळले. बॉस्टनच्या नामांकित मॅरेथॉनने महिलांना अधिकृत प्रवेश दिला तो 1972 मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली ती 1984 मध्ये. मोठ्या शहरांतील शर्यतींची दारे बंद होती, तेव्हा एका लहानशा डोंगरी शर्यतीने पीपर यांना बिब, म्हणजे छातीवर लावायची क्रमांकाची पट्टी, दिले होते, ही गोष्ट या क्रीडाप्रकाराच्या चाहत्यांनी अधिक वेळा सांगायला हवी.

[दृश्य : पाण्याचे केंद्र]

दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी पाण्याचे केंद्र आहे. येथे बिबचा क्रमांक वहीत नोंदवला जातो, बाटल्या भरल्या जातात आणि बुटातले खडे झटकले जातात. भरपूर पाणी प्यावे, हा सल्ला येथे कोणी सरसकट देत नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले होते, आणि त्याचे महत्त्वाचे कारण गरजेपेक्षा जास्त द्रव पिणे हे होते. म्हणून तहान लागेल तसे प्यावे, एवढेच सांगितले जाते.

[दृश्य : मोठा उतार, घसारा]

आता उतार. मिनेत्ती यांच्या मोजणीनुसार साधारण वीस टक्के उतारावर धावणे सर्वांत स्वस्त असते. सपाटीवर लागते त्याच्या निम्म्या ऊर्जेत काम भागते. याहून तीव्र उतारावर खर्च पुन्हा वाढतो, कारण शरीराला पुढे नेण्याऐवजी आवरण्यात शक्ती जाते. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो. ही क्रिया फुप्फुसांना जाणवत नाही, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा करते आणि तिचे दुखणे पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येते. ज्याने आधीच्या आठवड्यांत उतारावर सराव केला आहे, त्याला हा त्रास बराच कमी होतो, कारण स्नायू एका माराने पुढच्या माराला तयार होतात.

घसाऱ्यावर तर तंत्र आणखी वेगळे आहे. सुट्या मुरमावर टाच रोवून थांबू पाहणारा हमखास बसतो. पडद्यावरील धावपटू दोन्ही हात पसरून, छोटी छोटी आणि भरभर पावले टाकत, दगड सरकण्याआधीच त्यावरून पाय उचलत आहेत. त्यांची नजर पायाखाली नसून तीन-चार पावले पुढे आहे. निघण्यापूर्वी त्यांनी बुटाच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकांतून नाडी ओवून घोटा घट्ट बांधून घेतला होता. तसे केले नाही, तर उतारावर पाऊल बुटात पुढे घसरते आणि अंगठ्याचे नख काळे पडते. येथे गटातील अंतरही वाढते. वर चढताना एकमेकांच्या टाचेला टाच लावून चालणारे आता दहा-बारा मीटर अंतर ठेवतात आणि दगड सुटला की खालच्याला ओरडून सावध करतात. या टप्प्यावर एका धावपटूचा घोटा मुरगळला. त्याला आधार देऊन खालच्या केंद्रावर आणण्यात आले.

मागून आलेले दोघे त्याच्यासोबत थांबले होते. सोबतच्या किंवा वाटेत भेटलेल्या जखमी धावपटूला मदत करणे अनेक डोंगरी शर्यतींत नियमानेच बंधनकारक असते आणि त्यात गेलेला वेळ संयोजक नंतर वजा करून देऊ शकतात. या दोघांनी तो वजा करून मागितला नाही.

[दृश्य : तिसरा चढ, शेवटचे धावपटू आणि स्वीपर]

तिसरा चढ तिघांत सर्वांत लहान आहे आणि सर्वांत जास्त वेळ खातो. येथे कॅमेरा पुढच्या धावपटूंना सोडून मागच्यांसोबत राहिला, आणि ते बरेच झाले. शर्यतीच्या शेपटाला चालणाऱ्या या दोन व्यक्ती स्वीपर आहेत. त्यांनी कधीच कोणाच्या पुढे जायचे नाही, असा त्यांच्या कामाचा नियम आहे. त्या वाटेतल्या फिती सोडवून पिशवीत भरतात, आडवी टाकलेली फांदी बाजूला करतात, रिकामी पुडकी उचलतात आणि शेवटच्या धावपटूशी बोलत राहतात. अशा लहान शर्यतींत बहुधा हे काम चांगल्या, वेगवान धावपटूंकडे दिले जाते. दिवसभर हळू चालण्यासाठी अंगात दम शिल्लक असावा लागतो. कट-ऑफला, म्हणजे वेळेची मर्यादा संपायला, किती मिनिटे उरली आहेत, हे स्वीपरना ठाऊक असते, पण विचारल्याशिवाय त्या ते सांगत नाहीत.

समाप्तीच्या मैदानात आधी पोहोचलेल्यांपैकी अनेक जण अजून गेलेले नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकात काही तासांचे अंतर पडले आहे. टेबलावर उघड्या वहीत प्रत्येक केंद्रावरून आलेले बिबचे क्रमांक आरंभीच्या यादीशी ताडून पाहिले जात आहेत, कारण डोंगरावर कोणी मागे राहिलेले नाही याची खात्री झाल्याशिवाय शर्यत संपल्याचे जाहीर करता येत नाही. सोडून दिलेल्यांच्या नावांपुढे ते कोणत्या केंद्रावर थांबले हे लिहिले आहे. शेवटचा धावपटू आणि दोन्ही स्वीपर बारा तासांच्या आत रेषा ओलांडतात, त्यांचे क्रमांक वहीत चढतात, आणि मुख्य संयोजक रेडिओवरून सर्व केंद्रांना आवरून खाली येण्यास सांगतात.