गमन

नमस्कार श्रोतेहो.

मी बेळगावात शहापूरला राहते. वय 41. एका पतसंस्थेत हिशेब बघते. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या रेल्वे गेटजवळ स्कूटर लावून मी भाजी घेतली आणि रिक्षानं घरी आले. स्कूटर आठवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. किल्ली तिलाच लटकत होती. घरी सगळे हसले. मीही हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

विसरणं एक वेळ परवडलं. पण एक व्हाउचर हातात घेतलं की मन तिसरीकडेच. मार्चअखेर मात्र रात्रभर बसून सगळं फत्ते! त्यावरून लोक म्हणायचे, "मनावर घेतलंस तर करतेस की." म्हणजे बाकीचे अकरा महिने मी मनावर घेत नाही, असंच ना?

पहिल्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, टॉनिक लिहून दिलं. दुसरे म्हणाले, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं नि चंचलपणा, हा लहान मुलांचा आजार, मोठ्यांना नसतो. पाच मिनिटांत बाहेर. त्या पाच मिनिटांनी माझं एक वर्ष खाल्लं, कारण पुन्हा कुणापुढं तोंड उघडायचा धीरच होईना.

शेवटी धारवाडची बस धरली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही. 2013 साली सुधारलेल्या अमेरिकी निकषांत मोठ्यांना लक्ष न लागण्याच्या किंवा चंचलपणाच्या नऊपैकी पाच खुणा पुरतात, पण त्यातल्या काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीच्या हव्यात. तेव्हा लहानपण पाहिलेलं माणूस आणा.

म्हणून पुढच्या खेपेला खानापूरहून आई आली. डॉक्टरीणबाई कन्नड, आईचं कन्नड बाजारापुरतं. बाईंनी विचारलं, हिला लहानपणी 'गमन' होतं का? कन्नडात गमन म्हणजे लक्ष. आईला वाटलं, जाणं-येणं. ती म्हणाली, "होतं की! एका जागी कुठं बसत होती? पाणी आणायला धाडली तर कळशी विहिरीवर नि ही चिंचेखाली." मी मधे पडून उलगडा करणार, तोवर बाई हसत लिहून घेत होत्या. चुकीच्या शब्दाला अचूक उत्तर मिळालं होतं.

मग आईनं पिशवीतून माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक काढलं. लाल शाईत शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' चौथीलाही तोच. आई त्या शेऱ्याकडं बघत बराच वेळ बोलली नाही. त्यापायी किती धपाटे घातले, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

झोप, उदासी, थायरॉइड, सगळं पुन्हा पडताळून, रक्तदाब, वजन बघून बाईंनी मेथिलफेनिडेट लिहून दिलं, 10 मिलीग्रॅम. हे औषध 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. खडेबाजारात तीन दुकानं फिरले. एकानं चिठ्ठी उलटसुलट करून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चोरीचं सोनं विकायला आले होते. शेवटी धारवाडलाच मिळालं.

गोळीनं अक्कल वाढत नाही हो. चारेक तास डोक्यातली बाजारपेठ जरा शांत होते, एवढंच. एक व्हाउचर संपवून दुसरं उचलता येतं. भूक मात्र मरते, म्हणून मी आधी भाकरी खाऊन घेते. आणि वहीत लिहून ठेवायची सवय गोळी लावत नाही, ती आपणच लावायची.

तुमच्यापैकी कुणाला कुठं विचारावं हेच कळत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट, दिवसरात्र.

आता गंमत ऐका. विसराळूपणाची गोळी मी विसरते! म्हणून पाकीट चहापुडीच्या डब्याशेजारी ठेवलंय, कारण चहा मी जन्मात विसरलेली नाही. आईचा रोज आठला खानापूरहून फोन येतो. शेजारपाजारचे ऐकतील म्हणून ती गोळीचं नाव काढत नाही. नुसतं विचारते, "चहा झाला काय गं?"