खाडा, पोळ्या आणि स्क्रम

(फायनल इयरच्या मुलांसमोर केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, थोडी काटछाट केलीय, बोलायचा ढंग तसाच ठेवलाय.)

मागपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. प्रोजेक्टर बंद आहे असं सर म्हणाले, ते बरंच झालं, स्लाइड असली की मी स्लाइडच वाचत बसते. खडू आहे, फळा आहे, पुरे.

मला आधी एक सांगा, तुमची आई नवीन टेलरकडे गेली की एकदम सहा ब्लाउज शिवायला टाकते का? नाही ना. एक टाकते, तोही रोजच्या साडीवरचा. तो आला की घालून बघते, मग जाऊन सांगते की बाही जरा सैल कर, मागचा गळा जास्त खोल झालाय, आणि मग पुढचे दोन टाकते. पैठणीवरचा ब्लाउज सगळ्यात शेवटी, टेलरवर भरवसा बसल्यावर. आता माप तर पहिल्याच दिवशी नीट घेतलेलं असतं हो, पण माप बरोबर असूनही ब्लाउज चुकतो, हे बायकांना केव्हापासून माहीत आहे, सॉफ्टवेअरवाल्यांना कळायला बरीच वर्षं लागली.

म्हणजे अजाईल अजाईल म्हणून जे चाललंय ना, जॉब डिस्क्रिप्शनमध्ये तुम्ही वाचता, ते मुळात एवढंच आहे. आपलं चुकणार आहे, हे धरून चालायचं, आणि ते लवकर आणि स्वस्तात कळेल अशी सोय करायची.

जुनी पद्धत तुम्हाला पुस्तकात आहेच, वॉटरफॉल. आधी सगळं लिहून काढा, मग डिझाइन, मग कोड, मग टेस्टिंग, मग द्या. परीक्षेत ते धबधब्यासारखं चित्र काढून मार्क मिळतात. त्याची गंमत सांगते. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस नावाच्या इंजिनियरनं एक पेपर लिहिला, त्यात ही पायऱ्यांची आकृती आहे, आणि त्याच पेपरात तो म्हणतो की हे असंच्या असं राबवलं तर धोका आहे, फसेल. लोकांनी चित्र उचललं, खालचं वाचलंच नाही. आपल्याकडे पण असंच होतं, गाइडमधली आकृती पाठ आणि त्याखालचा मजकूर ऑप्शनला.

आता फसतं म्हणजे काय होतं, त्याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एफबीआय, पिक्चरमध्ये बघता ती. त्यांचं केसेसचं काम कागदावर चालायचं, ते कंप्युटरवर आणायला एक सिस्टिम करायला घेतली, व्हर्च्युअल केस फाइल. साधारण १७ कोटी डॉलर गेले आणि २००५ मध्ये ती गुंडाळून ठेवली, वापरलीच नाही. मग २००६ मध्ये सेंटिनल नावानं परत सुरुवात, बाहेरच्या कंपनीला काम दिलं, चार मोठे टप्पे आखले, बजेट ४० कोटींच्या वर. चार वर्षं गेली तरी अर्धंमुर्धंच. शेवटी २०१० मध्ये एफबीआयनं काम स्वतःच्या हातात घेतलं, माणसं वाढवली नाहीत, उलट कमी केली, आणि दोन दोन आठवड्यांच्या तुकड्यांत काम सुरू केलं, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी चालणारं दाखवायचं. जुलै २०१२ ला सिस्टिम सगळ्यांसाठी सुरू झाली. मध्ये त्यांचीही सांगितलेली तारीख हुकलीच, तेव्हा अजाईल म्हणजे जादू वगैरे समजू नका. फरक इतकाच, की कुठे अडलंय ते दर पंधरवड्याला डोळ्यांसमोर येत होतं.

अजाईल हे नाव पडलं २००१ च्या फेब्रुवारीत. अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्ड म्हणून बर्फात स्कीइंग करायचं ठिकाण आहे, तिथे सॉफ्टवेअरमधले १७ जण जमले, केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड वगैरे. सगळे पुरुष बरं का, एकही बाई नव्हती, मी नुसतं सांगून ठेवते. प्रत्येकाची आपापली पद्धत होती, पण चार वाक्यांवर एकमत झालं, तो जाहीरनामा. सार सांगायचं तर, नियम आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं मोठं, जाडजूड डॉक्युमेंटपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, करारावरून भांडण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणं मोठं, आणि प्लॅनला चिकटून राहण्यापेक्षा बदल झाला तर वळता येणं मोठं. 'मोठं' म्हटलंय, दुसरं फेकून द्या असं नाही म्हटलेलं. पुण्यात मी अशा टीम बघितल्यात ज्या 'आम्ही अजाईल आहोत' म्हणून एक ओळ लिहून ठेवत नाहीत, आणि टूल मात्र असतंच, जिरा नावाचं, त्यात प्रत्येक कामाचं एक तिकीट बनवायचं, ती तिकिटं बनवता बनवता आपलीच जिरते.

त्यातली सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे स्क्रम. शब्द रग्बीतला आहे, खेळाडू खांद्याला खांदा लावून बॉलसाठी भिडतात तो. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी होंडा, कॅननसारख्या कंपन्यांमध्ये नवीन वस्तू कशा तयार होतात यावर लेख लिहिला, त्यात ही रग्बीची उपमा होती, तिथून सदरलँड आणि श्वेबरनी ती सॉफ्टवेअरमध्ये आणली. इतिहास बास, परीक्षेला येणार नाही.

आता रोल्स. हे मी सावकाश सांगणारे कारण इंटरव्ह्यूला सगळे इथेच पोपटपंची करतात. स्क्रममध्ये तिघंच असतात, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर. टेस्टर, डिझायनर, डेटाबेसवाला सगळे डेव्हलपरमध्येच आले, आणि अख्खी टीम शक्यतो १० जणांच्या आत. कोण काय 'करतो' याची यादी पाठ करू नका. मी सांगते ते बघा, कोण कशाला 'नाही' म्हणू शकतो. रोल तिथे कळतो.

मागे एका कॉलेजात मी वर्कशॉप घेतलं होतं. सहा पोरापोरींचा ग्रुप, त्यांनी मेसच्या खाड्याचं अ‍ॅप करायला घेतलं. खाडा माहीत आहे ना, उद्या जेवायला येणार नाही हे आधी सांगितलं की तेवढे पैसे वजा. काकू मेस चालवायच्या, वहीत लिहायच्या, पोरं आयत्या वेळी सांगायची, रोज अन्न उरायचं नाहीतर कमी पडायचं. ग्रुपनं पहिल्या दिवशी जी यादी केली त्यात लॉगिन, ओटीपी, प्रोफाइल फोटो, भाजीला स्टार रेटिंग, यूपीआय पेमेंट, आणि गाइड सर म्हणाले एआय पण टाका, मार्क बरे पडतील.

त्यातली एक मुलगी स्वतः त्या मेसला जेवायची, तिला आम्ही प्रॉडक्ट ओनर केलं. तिनं ही यादी, म्हणजे बॅकलॉग, घेतली आणि पहिल्या नंबरला एकच गोष्ट ठेवली. आम्ही ती कार्डावर लिहिली, 'मेसची काकू म्हणून मला सकाळी दहापर्यंत कळायला हवं की रात्री किती जण जेवणार, म्हणजे कणीक किती भिजवायची ते ठरेल.' याला यूजर स्टोरी म्हणतात. कोणाला हवंय, काय हवंय, कशासाठी हवंय. तो 'कशासाठी' गाळला ना की स्टोरीत जीव राहत नाही. बाकी सगळ्याला तिनं सांगितलं, आत्ता नाही. सरांना पण. घाबरत घाबरत सांगितलं, पण सांगितलं. काय आधी आणि काय नंतर याचा शेवटचा शब्द प्रॉडक्ट ओनरचा, आणि तो एकच माणूस पाहिजे, कमिटी नको. आपल्याकडे घरात टीव्ही घ्यायचा तर पाच जण प्रॉडक्ट ओनर असतात, मग सहा महिने टीव्ही येत नाही.

डेव्हलपर कशाला नाही म्हणू शकतात? तर किती, याला. पंधरा दिवसांचा स्प्रिंट होता, म्हणजे कामाचा ठरलेल्या मुदतीचा एक तुकडा, प्रॉडक्ट ओनर म्हणाली या चार गोष्टी घ्या, पोरं म्हणाली दोन होतील. दोन म्हणजे दोन. कसं करायचं तेही तेच ठरवणार, कोणती लँग्वेज, कोण काय घेणार, त्यात वरून कोणी बोट घालायचं नाही. मात्र दोन म्हटल्यावर ते दोन 'झालंय' च्या अवस्थेत पाहिजेत, आणि 'झालंय' म्हणजे काय ते आधी ठरलेलं पाहिजे. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' हे झालंय नव्हे. त्यांच्याकडे ठरलं होतं, काकूंच्या फोनवर, काकूंच्या हातात, चष्मा न लावता दिसलं पाहिजे.

स्प्रिंट संपला, काकूंना बोलावलं, हा रिव्ह्यू. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आकडा, ४१. पोरं खूश. काकू बघून म्हणाल्या, "एक्केचाळीस कळलं रे, पण त्यात पोरं किती नि पोरी किती? पोरं पाच पाच पोळ्या खातात, पोरी तीनवर थांबतात. मला माणसं नको सांगूस, पोळ्या सांग."

हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आलं असतं? काकूंना आधी विचारलं होतं की काय पाहिजे, त्या म्हणाल्या होत्या 'किती जण ते'. खोटं नव्हत्या बोलल्या, समोर बघेपर्यंत त्यांनाही माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत कळलं म्हणून बरं, सहा महिन्यांनी कळलं असतं तर रेटिंग आणि प्रोफाइल फोटोसकट सगळं खोलावं लागलं असतं. पुढच्या स्प्रिंटमध्ये नाव नोंदवताना एकच प्रश्न वाढवला, किती पोळ्या खाता. सगळ्यांनी खरं लिहिलं असं काही नाही.

राहिला स्क्रम मास्टर, म्हणजे मी. घरी अजून कुणाला कळलेलं नाही मी नेमकं काय करते, सासूबाई सांगतात मीटिंग लावते. स्क्रम मास्टर साहेब नाही. कोणाला काम वाटून देत नाही, अप्रेझल करत नाही, निदान करू नये. तो पद्धत मोडणाऱ्याला नाही म्हणतो, मग तो मोडणारा टीममधला असो की वरचा. स्प्रिंट चालू असताना मधेच कोणी येऊन 'एवढं एक छोटंसं करून द्या ना' म्हणतं, तेव्हा त्याला प्रेमानं प्रॉडक्ट ओनरकडे वळवायचं. आणि टीमचं जिथे अडलंय ते मोकळं करायचं, एखादा अ‍ॅक्सेस मिळत नाहीये, सर्व्हर मिळत नाहीये, त्यासाठी दहा जणांना फोन करायचे.

माझी स्वतःची चूक सांगते. मी नवीन होते तेव्हा हिंजवडीत आमचं रोज सकाळी दहाला स्टँडअप, म्हणजे उभ्या उभ्या घ्यायची टीमची मीटिंग, १५ मिनिटांची. मी हातात वही घेऊन उभी राहायचे, एकेक जण माझ्याकडे तोंड करून बोलायचा, काल हे केलं, आज ते करणार, मी टिक करायचे. शाळेची हजेरी. दोन मुलं शेजारी शेजारी उभी असायची, तीन दिवस दोघांनी एकच शब्द सांगितला, 'चालू आहे'. चौथ्या दिवशी कळलं की हा त्याच्या एपीआयची, म्हणजे त्याच्या प्रोग्रामला जोडायच्या दुव्याची, वाट बघतोय आणि तो याच्या फॉर्ममध्ये काय काय येणार ते कळायची वाट बघतोय. शेजारी उभे! पण दोघंही मला सांगत होते, एकमेकांना नाही. दुसऱ्या दिवशी मी वही टेबलावर ठेवली आणि कोणी बोलायला लागलं की सरळ बुटाची लेस बांधायला खाली वाकले. दोन-तीन दिवस फार विचित्र शांतता, मग आपोआप ते एकमेकांकडे बघून बोलायला लागले. स्टँडअप डेव्हलपरनी आपलं आपलं काम जुळवायला असतं हो, स्क्रम मास्टरला रिपोर्ट द्यायला नाही. ते काल काय, आज काय, अडचण काय हे तीन प्रश्न तुम्हाला सगळीकडे दिसतील, पण स्क्रम गाइडच्या, म्हणजे स्क्रमच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेच्या, २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकलेत. हे इंटरव्ह्यूत सांगा, समोरचा जरा दचकेल.

अंदाजाचं पटकन सांगते, वेळ होत आला. काम किती तासांचं हे माणसाला नीट सांगता येत नाही, पण कोणतं कशापेक्षा जड हे सांगता येतं. तुम्ही ट्रेकवाले असाल तर बघा, सिंहगड म्हणजे दोन, राजगड पाच, आणि नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड तेरा. हे झाले स्टोरी पॉइंट. सगळ्यांनी आपापल्या आकड्याचं कार्ड एकदम उलटायचं, म्हणजे ज्युनियर सीनियरचं बघून ठेवत नाही. एकाचं दोन आलं आणि एकाचं तेरा, तर तेरावाल्याला आधी बोलू द्या, त्याला तिथला कडा माहीत असतो. फक्त हे पॉइंट वर साहेबांकडे गेले की घोळ. एका कंपनीत, नाव नाही सांगत, मॅनेजमेंटनं दोन टीमच्या पॉइंटची तुलना सुरू केली, ज्यांचे जास्त ते हुशार. महिन्याभरात सगळे सिंहगड राजगड झाले. काम तेवढंच, पॉइंट दुप्पट, आणि वर प्रेझेंटेशनमध्ये बाण वर चाललाय.

हां, विचारा. फ्रेशर डायरेक्ट स्क्रम मास्टर होऊ शकतो का? सर्टिफिकेट दोन दिवसांच्या कोर्समध्ये मिळतं, ते काही अवघड नाही. पण ज्यानं कधी रात्री बग शोधला नाही त्याचं टीम ऐकत नाही, उगाच खोटं कशाला बोलू. आधी दोन-तीन वर्षं डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून काढा. प्रोजेक्ट मॅनेजर कुठे गेला? स्क्रममध्ये तो नाहीच, त्याचं काम तिघांत वाटलं गेलंय, पण कंपनीत असतो, खुर्चीपण मोठी असते, त्यामुळे भांडणं होतात.

त्या मेसच्या अ‍ॅपचं पुढे काय झालं? अजून एक स्प्रिंट झाला. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर टीम आपलं आपण बघते काय जमलं काय नाही ती बैठक, त्यात ठरलं की काकूंना कॉलेजात बोलवायचं नाही, आपण मेसमध्येच जायचं. गेलो, तर कणकेचे हात तसेच, त्या फोनला बोट लावायला तयार नाहीत, कोपरानं स्क्रीन सरकवतायत. आकडा बघितला, पोळ्या १६८, मान हलवली. मग म्हणाल्या, "हे बरंय. पण रविवारी फीस्ट असते, त्या दिवशी कोण खाडा टाकतंय? उलट मित्र घेऊन येतात. ते कुठे लिहायचं?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. ती प्रॉडक्ट ओनर मुलगी पेन शोधत होती, सापडेना, शेवटी काकूंच्याच वहीचं पेन घेऊन तिनं हातावर लिहिलं, रविवार, पाहुणे.