आधी ऋतू विचारा, मग फोटो बघा

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेतल्या मंगळाचा विनोद मी करणार नाही. तो अध्यक्षांनी आधीच केलाय आणि तुम्ही हसलाही आहात. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘मंगळावरचे हिमकण : कक्षेतून निरीक्षण’. तिथवर पोचूच. त्याआधी एक तक्रार ऐका, कारण ती ऐकवायला मला दुसरी सभा मिळत नाही.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मी त्यात आहे, म्हणजे मला घातलंय. त्यावर अधूनमधून एकच चित्र फिरून येतं. वाळूच्या तपकिरी टेकड्या, त्यांच्या उतारांवर छान निळी झाक, आणि खाली मजकूर : ‘मंगळावर पाणी सापडलं, शास्त्रज्ञ थक्क!’ एकानं लिहिलं, चला, धरणातून शहरात पाणी आणायच्या थेट पाइपलाइनची काळजी मिटली. पटापट अंगठे आले. मी सविस्तर खुलासा टाकला, चांगला चार परिच्छेदांचा. त्यावर उत्तर आलं, ‘शुभ सकाळ’, सोबत गुलाबाचं फूल.

तो खुलासा आज तुम्हाला ऐकावा लागेल. तुम्हाला ग्रुप सोडता येत नाही, दारं मागं आहेत आणि चहा शेवटी आहे.

मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर हे नासाचं यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. त्यावरचा हायराइज कॅमेरा साधारण तीनशे किलोमीटरवरून टेबलाएवढी वस्तू टिपतो. पण रंगीत चित्रासाठी तो अवरक्त (म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा), लाल आणि निळा-हिरवा असे तीन पट्टे वापरतो आणि पडद्यावर ते लाल, हिरवे, निळे म्हणून दाखवतो. मंगळाची धूळ निळ्या पट्ट्यात काळवंडते, हिमकण मात्र तिथंही चमकतात. म्हणून ते निळे दिसतात. तुम्ही स्वतः तिथं उभे राहिलात तर पांढुरकंच दिसेल. आणि बहुतेक वेळा ते पाणीही नसतं. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे कोरडा बर्फ.

तरी माझं भांडण रंगाशी नाही, तारखेशी आहे. जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेटीवर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण जमले की पेपरात फोटो येतो. तो बघून महाबळेश्वर हिमालयात आहे असं कुणी म्हणत नाही, कारण फोटो थंडीतल्या पहाटेचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. मंगळाच्या चित्राला मात्र आपण महिना विचारतच नाही.

विचारला तर उत्तर मिळतं, आणि ते ऐकून इथल्या पंचांगवाल्यांना आनंद होईल. मंगळाचा आस सुमारे २५ अंशांनी कललेला, वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. तिथला ऋतू शास्त्रज्ञ कोनावरून सांगतात, म्हणजे मंगळ सूर्याभोवती किती अंश पुढं सरकला यावरून. शून्य अंश म्हणजे उत्तर गोलार्धातला वसंतसंपात, ९० ला तिथला उन्हाळा, २७० ला दक्षिणेचा. तीस-तीस अंशांचे बारा महिनेही पाडतात. झाल्या की नाही संक्रांती! ते सायन मोजतात, म्हणजे वसंतसंपातापासून; आपली मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारानं. त्यावरून इथं वाद नको, वाद घालणारे दोघं मला समोरच दिसताहेत. मंगळाची कक्षा लंबगोल असल्यामुळं हे महिने सुमारे ४६ ते ६७ मंगळदिवसांचे, एकसारखे नसतात.

माझा आवडता किस्सा १९६९ चा. नासाचं मरिनर ७ हे यान मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरून गेलं. त्यावरच्या अवरक्त उपकरणाचे प्रमुख जॉर्ज पिमेंटेल. मोठे रसायनशास्त्रज्ञ, साधा माणूस नव्हे. त्यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की ध्रुवीय टोपीच्या, म्हणजे ध्रुवावरच्या बर्फाच्या थराच्या, कडेला मिथेन आणि अमोनिया दिसतोय. मिथेन म्हटल्यावर जीवसृष्टी आलीच, बातम्या झळकल्या. पुढं प्रयोगशाळेत कोरडा बर्फ तपासला तर त्याच खुणा त्यात निघाल्या, आणि त्यांनी दावा मागं घेतला. गंमत म्हणजे ती टोपी कोरड्या बर्फाची असावी, हे लेटन आणि मरे या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच गणितानं मांडलं होतं. पिमेंटेल यांनी दावा मागं तरी घेतला. आमच्या ग्रुपवर अजून कुणी...

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं.’ विंगेत पेटी आणि तबला आलाय, पुढचा कार्यक्रम भावगीतांचा आहे. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता पळत पळत.

मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, जमीन उष्णता आकाशात फेकत राहते, आणि उणे १२५ अंशांच्या आसपास हवाच जमिनीवर गोठू लागते. गोठताना ती उष्णता सोडते, म्हणून पारा तिथंच अडकतो. वर्षभरात हवेचा जवळपास चौथा हिस्सा असा जमिनीवर येतो. नासाची ‘व्हायकिंग’ नावाची दोन यानं मंगळावर ध्रुवापासून लांब उतरली होती, तरी त्यांच्या वायुदाबमापकांत हा चढउतार उमटला. पुढं मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानानं कक्षेतून लेसरनं थराची उंची मोजली, ध्रुवाजवळ दीड-दोन मीटर.

वसंतात खरी धमाल. दक्षिण ध्रुवाजवळ ऊन पारदर्शक थरातून आरपार जातं, खालची काळी माती तापते, बर्फाचा तळ वायू होतो, दाब वाढतो आणि थर फोडून धुळीचे फवारे उडतात. वाऱ्यानं धूळ पंख्यासारखी पसरते आणि जमिनीत कोळ्याच्या पायांसारख्या चऱ्या पडतात. मंगळावरचे काळे डाग म्हणून जे फोटो फिरतात ते याचेच.

आणि नुसती तारीखही पुरत नाही, घड्याळही लागतं. हायराइजचं यान एखाद्या जागेवरून जातं ते तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास किंवा पहाटे तीनच्या अंधारात. सकाळचे हिमकण त्याला दिसणार कसे? युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाची कक्षा वेगवेगळ्या वेळी डोकावू देते. त्यानं भल्या सकाळी ऑलिंपस मॉन्स आणि त्याच भागातल्या इतर प्रचंड ज्वालामुखींच्या मुखाजवळ हिमकण टिपले. विषुववृत्ताजवळ, जिथं कुणाची अपेक्षा नव्हती. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि हे मात्र खरोखर पाण्याचे! थर केसाहून पातळ, पण सगळा मिळून अंदाजे दीड लाख टन. ऊन चढलं की काही तासांत गायब.

हा फोटो मी ग्रुपवर टाकला होता, तारीख-वेळेसकट. खाली ‘शास्त्रज्ञ थक्क!’ नव्हतं, म्हणून कुणी पुढं पाठवला नाही. बरं, तबलजी घड्याळ बघताहेत. प्रश्न असतील तर चहापाशी विचारा.