हलका कापूस, जड तेल

(दृश्य : पाण्याने भरलेले दोन काचेचे ग्लास)

डाव्या ग्लासात औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस टाकला. बघता बघता पाणी पिऊन तळाला गेला. उजव्या ग्लासात शेतातला, नुसती सरकी काढलेला कापूस. बोटाने दाबून बुडवा, तो पुन्हा वर येतो. त्याच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. दुकानातल्या कापसाचा तो थर कारखान्यात काढून टाकलेला असतो. आता उजव्या ग्लासात चमचाभर तेल ओतू. कापूस तेल ओढून घेतो, पाणी मात्र जागच्या जागी.

(दृश्य : लबक, टेक्सास. क्षितिजापर्यंत कपाशी)

शेषाद्री रामकुमार मूळचे भारतातले. इंग्लंडमध्ये लीड्सला पीएचडी केली आणि पुढे टेक्सास टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले. विषय नॉनवोव्हन, म्हणजे मागावर न विणता, तंतू एकमेकांत गुंतवून केलेलं कापड. अशा कापडाच्या दोन थरांमध्ये सक्रिय कोळशाचा थर बसवून त्यांनी ‘फायबरटेक्ट’ घडवलं. अंगावर, उपकरणांवर पडलेलं विषारी रसायन ते टिपून घेतं.

2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला, अकरा कामगार गेले, समुद्र तेलाने माखला. असं तेल टिपायला सहसा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वापरतात, आणि तेही खनिज तेलापासूनच बनतं. रामकुमार यांच्या गटाने कच्चा कापूस घेतला, तोही कमी मायक्रोनेअरचा. मायक्रोनेअर म्हणजे तंतूची जाडी आणि पक्वता सांगणारा आकडा. तंतू पुरता पक्व झाला नाही की हा आकडा खाली येतो आणि बाजारात भाव पडतो. पण असा तंतू बारीक असतो, तेल धरायला जास्त पृष्ठभाग देतो. 2013 च्या त्यांच्या शोधनिबंधातला आकडा असा : 1 किलो कापूस, 30 किलोहून जास्त कच्चं तेल. जो माल शेतकऱ्याने मान खाली घालून विकायचा, त्याचीच ही ताकद. मला या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

(दृश्य : उरणचा किनारा, तिवरं)

आखातातल्या स्फोटाच्याच वर्षी, 7 ऑगस्ट 2010 ला, मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. तेल इथल्या तिवरांपर्यंत आलं. कापसावर संशोधन करणारी संस्था माटुंग्याला 1924 पासून आहे. नॉनवोव्हनचं केंद्र इचलकरंजीत आहे. आणि पक्व न झालेला कापूस विदर्भात दर हंगामात निघतो.

(दृश्य : उजव्या ग्लासातला बोळा हातात. पिळल्यावर तेलाची धार)