तीन एकर जमीन आणि वॉशिंग्टनची सही

(वाचनालयात झालेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. विषय अलास्काचा आहे म्हणून आधीच जांभया देऊ नका, निम्मं भाषण सातबाऱ्यावरच होणार आहे. मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, आणि रिटायर झाल्यावर पोरीकडे अँकोरेजला, म्हणजे अलास्कातल्या मोठ्या शहरात, सहा महिने राहून आलो, तर तिथेही मला सापडलं काय, तर जमिनीचंच प्रकरण. नशीब असतं एकेकाचं.

पोरीची एक मैत्रीण आहे, युपिक समाजाची, म्हणजे अलास्काच्या मूळ लोकांपैकी. तिची मावशी गावाकडून तपासणीला आली होती, तर तिला भेटायला मीही गेलो. गावाकडून म्हणजे एसटीने नाही, छोट्या विमानाने, कारण तिथल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही. अलास्का आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट आणि माणसं सगळी मिळून सात-साडेसात लाख, म्हणजे एका मोठ्या शहराएवढीसुद्धा नाहीत. मावशी हॉस्पिटलशेजारच्या पेशंट हाउसिंगमध्ये उतरली होती. तिथून हॉस्पिटलात जायला वरून बंदिस्त पूल आहे, बाहेर बर्फ पडत होता आणि बाई घरातल्या सपाता घालून, मांडीवर आइसबॉक्स घेऊन लॉबीत बसलेल्या. आइसबॉक्समध्ये भाचीसाठी घरचा साल्मन मासा. आपल्याकडे गावाहून येणारा तांदळाची पिशवी आणतो ना, अगदी तसं.

ही पेशंट हाउसिंगची इमारत उभी राहिली त्या जागेसाठी अमेरिकेच्या संसदेला कायदा करावा लागला. जागा किती? 2.79 एकर. 2013 साली बिल पास झालं, दोन्ही सभागृहं, राष्ट्राध्यक्षाची सही, सगळं. पावणेतीन एकरासाठी! आमच्याकडे एवढी फाइल प्रांताच्या पुढे गेली नसती. म्हटलं बघू तरी हे काय आहे.

तर असं आहे. तिथल्या मूळ लोकांच्या आरोग्याची जबाबदारी केंद्र सरकारची, आणि 1955 पासून त्यासाठी इंडियन हेल्थ सर्व्हिस नावाचं खातं आहे (इंडियन म्हणजे तिथले मूळ लोक, आपण नाही). दवाखाने सरकारचे, डॉक्टर सरकारचे, जमीनही सरकारची. मग 1975 ला एक कायदा आला, पब्लिक लॉ 93-638, तिकडे सगळे त्याला नुसतं 'सिक्स थर्टी एट' म्हणतात, जसं आपण 'कलम 85 ची वाटणी' म्हणतो ना तसं. त्याने काय झालं तर जमातींनी सांगायचं, हा दवाखाना आता आम्ही चालवतो, तुम्ही जो पैसा खर्च करत होता तो आमच्याकडे द्या. अलास्कात हे जोरात झालं. 1999 पर्यंत अँकोरेजचं मोठं हॉस्पिटल, दीडशेच्या वर खाटांचं, जमातींच्याच दोन संस्थांकडे आलं, एक अलास्का नेटिव्ह ट्रायबल हेल्थ कन्सॉर्शियम आणि दुसरी साउथसेंट्रल फाउंडेशन. साउथसेंट्रलवाले पेशंटला पेशंट म्हणत नाहीत, 'कस्टमर-ओनर' म्हणतात, म्हणजे तूच गिऱ्हाईक, तूच मालक. ऐकायला छान वाटतं.

पण मालक कशाचा? कारभार हातात आला, जमीन मात्र केंद्राच्या नावावर राहिली.

आता कोणी म्हणेल की केंद्राच्या खात्याने परस्पर जमीन देऊन टाकावी, त्यात काय एवढं. देता येते, तशी तरतूद आहे. पण ती देतात क्विटक्लेम डीडने. क्विटक्लेम म्हणजे 'माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला, पुढचं तुझं तू बघ', कसलीही हमी नाही. आणि वर अट, की ठरलेल्या कामासाठी वापरली नाही तर जमीन परत सरकारजमा. समोर शेतकरी मंडळी बसलीत, ओळखलंत ना हे काय आहे? भोगवटादार वर्ग 2! नावावर आहे पण विकता येत नाही, गहाण ठेवायची तर परवानगी, इतर हक्कात शेरा, शर्तभंग झाला की नोटीस. मी ते वाचलं आणि पोरीला म्हटलं अगं हे तर आमचंच घोडं आहे, फक्त इंग्रजी खिंकाळतंय.

आमच्या तालुक्यात एका ट्रस्टला दवाखान्यासाठी गायरानातला तुकडा मिळाला होता. नाव सांगत नाही. ओपीडी बांधली, चालली, मग वर मजला चढवायचा म्हणून बँकेत गेले. बँकेने उतारा बघितला, वर्ग 2 दिसलं, फाइल परत. मग परवानगीसाठी आमच्या ऑफिसात खेटे, त्यात दोन अधिकारी बदलून गेले, आणि खोटं कशाला बोलू, काही महिने ती फाइल माझ्याच टेबलावर होती. मजला चढला नाही. डॉक्टर कंटाळून शहरात गेले.

म्हणून अलास्कावाले क्विटक्लेमवर समाधान मानत नाहीत, त्यांना वॉरंटी डीड लागतं, म्हणजे मालकी निर्वेध आहे अशी देणाऱ्याची हमी असलेलं खत, आणि ते द्यायचं तर संसदेचा कायदा लागतो. ही बिलं मी काढून वाचली, दोन-तीन पानांची असतात. मजकूर जवळपास तोच: आरोग्य खात्याने अमुक जागा वॉरंटी डीडने द्यावी, मोबदला घेऊ नये, कुठली अट घालू नये, परत घेण्याचा हक्क ठेवू नये, आणि आधी क्विटक्लेम झालं असेल तर ते रद्द समजावं. इतकं सरळ गद्य आपल्या जीआरमध्ये मी कधी वाचलं नाही.

अजून एक कलम असतं आणि मला विचाराल तर खरी मेख तिथे आहे. हस्तांतराच्या आधी त्या जमिनीत जे काही प्रदूषण झालेलं असेल त्याची जबाबदारी नव्या मालकाची नाही. आता अलास्कातल्याच सिटका गावाचं बघा, तिथलं हॉस्पिटल जापोन्स्की बेटावर, ते बेट दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा तळ होतं. टानाना गाव युकॉन आणि टानाना नद्यांच्या संगमावर, तिथे सरकारी हॉस्पिटल होतं, ते केव्हाच बंद पडलं. अशा जुन्या सरकारी जागांत इंधनाच्या टाक्या, अॅस्बेस्टॉस, काय काय निघेल नेम नाही. ते साफ करायचा खर्च गावाच्या गळ्यात पडला तर ती भेट कसली, ती तर ब्याद. या एका कलमामुळे गावं हो म्हणतात.

बरं, आता मुद्दा, अशी बिलं पास होतात का? होतात. 2018 ला सिटकाच्या जागेचं झालं. 2022 ला टानाना, सिटका आणि अँकोरेज अशा तिघांचं एकत्र झालं. टानानाचं बिल तर आधीच्या काँग्रेसमध्येही (म्हणजे तिथल्या संसदेच्या आधीच्या मुदतीत, पक्ष नव्हे) मांडलेलं होतं. विरोध कोणाचा? म्हणण्यासारखा कोणाचाच नाही. रिपब्लिकन हो म्हणतात, डेमोक्रॅट हो म्हणतात, तिजोरीवर बोजा जवळपास शून्य, जमीन विकून कोणी हॉटेल बांधणार नाहीये. आणि माझं म्हणणं असं की विरोध नाही म्हणूनच तर ती रखडतात. ज्याच्यावर भांडण आहे त्याला टीव्हीवर वेळ मिळतो आणि सभागृहातही. ज्याला सगळे मान डोलावतात ते रांगेत शेवटी. तुमच्या ग्रामसभेत बघा की, स्मशानभूमीच्या शेडला कोणाचा विरोध असतो का? आणि ती होते कधी?

प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची. तेवढ्यात दहा हजारांच्या वर बिलं येतात, कायदा होतात काही शे. दोन वर्षं संपली की उरलेलं सगळं मेलं, परत पहिल्यापासून मांडा, परत कमिटी, परत सुनावणी. हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, अशा बिनभांडणाच्या बिलांना एक शॉर्टकट आहे, चर्चा थोडी, दुरुस्त्या नाहीत, पण दोन-तृतीयांश मतं हवीत. ती मिळतात. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, असं झटपट न्यायचं तर सगळ्यांची मूक संमती लागते, शंभरातला एक जरी म्हणाला थांबा, तर थांबलं. आणि तो थांबवणारा तुमच्या बिलावर रागावलेला असेलच असं नाही, त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी बिलाचा हिशोब चुकता करायचा असतो, तुमचं बिल आपलं मध्ये सापडतं.

अलास्काला हाउसमध्ये माणूस एकच. एकोणपन्नास वर्षं ती खुर्ची डॉन यंग यांच्याकडे होती. माणूस तोंडाने फटकळ, पण असली छोटी बिलं चिकाटीने लावून धरणारा. मार्च 2022 मध्ये घरी अलास्काला परत जाताना विमानातच वारले. मी मघाशी तीन जागांचं एकत्र बिल म्हटलं ना, ते त्याच वर्षी त्यांच्या नावाने पास झालं. आपल्याकडे पुतळा झाला असता, तिकडच्यांनी डीड केलं. मला ते जास्त आवडलं.

2025 मध्ये आता नवे खासदार निक बेगिच यांनी साउथसेंट्रल फाउंडेशनसाठी तसलंच बिल मांडलंय, अँकोरेजमधली सव्वातीन-साडेतीन एकर जागा. होईल का? माझा अंदाज, होईल. सिनेटच्या इंडियन अफेअर्स कमिटीच्या अध्यक्ष लिसा मर्कोव्स्की, त्या अलास्काच्याच, म्हणजे तहसीलदार आपल्याच गावचा असल्यासारखं. पण 2025 लाच ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार 43 दिवस बंद होतं, अशात असली बिलं आणखी मागे ढकलली जातात. एकटं गेलं तर वेळ लागेल. दुसऱ्या मोठ्या बिलाच्या शेपटीला बांधलं तर पटकन जाईल, काँग्रेस संपायच्या आधीच्या डिसेंबरात असे गठ्ठे निघतात, आपल्याकडे मार्च एंडला बिलं निघतात ना तसे.

मागून कोणीतरी विचारलं की ही जमीन मुळात त्यांचीच ना, मग 'देणं' कसलं? बरोबर आहे. मैत्रिणीच्या मावशीलाही मी हेच विचारलं होतं, जरा भीतभीतच. 1971 ला तिथल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांची एकरकमी तडजोड झाली, 4 कोटी 40 लाख एकर आणि 96 कोटी डॉलर, बाकीवरचा दावा संपला. हॉस्पिटलच्या जागा त्या हिशोबात आल्याच नाहीत. बाई हसल्या, आइसबॉक्स उघडला आणि एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, हे घ्या, याला डीड लागत नाही.

मासा मस्त होता. चला, चहा आलाय.