राडारोडा आणि दरजेतला चुना

मित्रहो, बर्लिनचा तो १९४५ नंतरचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका रांगेत उभ्या आहेत आणि बादली हातोहात पुढे सरकते आहे. साऱ्या जर्मनीत अंदाजे ४० कोटी घनमीटर राडारोडा पडला होता, त्यातला साडेसात कोटींच्या आसपास एकट्या बर्लिनमध्ये. त्या बायकांच्या कष्टांपुढे मी हात जोडतो. पण त्या फोटोवर बोलणारे लोक दरजेतल्या, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यातल्या, चुन्याबद्दल कधी बोलत नाहीत, याची मला खरंच खंत वाटते.

जुन्या घरांच्या विटा चुन्याच्या मसाल्यात बसवलेल्या होत्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, तरी विटेपेक्षा मऊच राहतो. हातोडी मारली की आधी दरज सुटते आणि वीट शाबूत हाती येते. कडक सिमेंटच्या मसाल्यात नेमकं उलटं होतं. मसाला चिकटून राहतो आणि वीट फुटते. तिथे कितीही हात लावा, हाती रोडेच येणार.

साफ झालेली वीट हातात धरून ठोकायची. खणखणीत वाजली तर पक्की; बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ती बाजूला टाकायची. आगीत सापडलेल्या भिंतींत अशा बद्द विटा पुष्कळ निघतात. तिकडची वीट २५ बाय १२ बाय साडेसहा सेंटिमीटरची, वजनाला साडेतीन किलोच्या आसपास. मोजणी सोपी जावी म्हणून २०० विटांचे ढीग रचत. म्हणजे एका ढिगात सातशे किलो, आणि त्यातली एकेक वीट हाताखालून गेलेली.

फुटक्या विटांची खडी करत. फ्रँकफुर्टमध्ये १९४५ मध्येच त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली, आणि १९५१ मध्ये वीटखडीच्या काँक्रीटसाठी डीआयएन ४१६३ हे जर्मन मानक आलं. या खडीत दोन खोडी आहेत. ती पाणी पिते, म्हणून आधी भिजवून घ्यावी लागते. कोरडी टाकली तर सिमेंटचं पाणीच ओढून घेते. दुसरी खोड जिप्समच्या गिलाव्याची. त्यातलं सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावून फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. गिलावा ठिसूळ असल्याने त्याचा बराचसा भाग भुकटीत उतरतो. म्हणून भुकटी चाळून काढायचीच, कितीही मोह झाला तरी. बर्लिनच्या टॉयफेल्सबर्ग टेकडीत अंदाजे २ कोटी ६० लाख घनमीटर राडारोडा आहे. तिथे फिरायला जाणाऱ्यांच्या पायाखाली पाडलेल्या घरांचं शहर आहे, आणि त्या खाली नाझींच्या लष्करी तंत्रविद्यालयाची इमारत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि मोसूल-गाझाबद्दल बोलायचं कबूल केलं होतं, तेव्हा भराभर सांगतो. इराकमधल्या मोसूल शहरात युद्धाने पडलेल्या राडारोड्याचा अंदाज ७० ते ८० लाख टनांचा होता. गाझाचा २०२४ च्या अखेरीस ५ कोटी टनांच्या वर गेला. तिथे प्रबलित काँक्रीटचे, म्हणजे आत लोखंडी सळ्या असलेल्या आरसीसीचे, स्लॅब एकावर एक बसलेले आहेत. नुसत्या हातोडीने ते सुटत नाहीत.

क्रम चुकवायचा नाही. आधी न फुटलेला दारूगोळा शोधायचा. मृतदेह सन्मानाने काढायचे, घरमालकाचे कागद, दागिने जपून ठेवायचे. ॲस्बेस्टॉसचे पत्रे ओले करून, न फोडता वेगळे करायचे. मगच यंत्रं. पोकलेनला जबडा लावून स्लॅब चुरायचा, लोखंडी सळ्या कापायच्या, मग क्रशरमध्ये घालायचा. चुरा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर चुंबक टांगलेला हवा, नाहीतर सळईचा तुकडा पट्टाच फाडतो. लाकूड, प्लास्टिक हाताने वेचायचं. ठोकून सरळ केलेल्या सळ्या पुन्हा कॉलममध्ये घालू नयेत. वाकवून सरळ केल्यावर लोखंडाची लवचीकता घटते.

तयार खडी रस्त्याच्या पायात, भरावात, पीसीसीत म्हणजे बिनसळ्यांच्या काँक्रीटमध्ये खपते. आपल्याकडचं आयएस ३८३ हे २०१६ चं मानक पुनर्वापराच्या काँक्रीटखडीला आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत मुभा देतं, तीही एम २५ या मजबुतीच्या दर्जाच्या काँक्रीटपर्यंतच. आणि भिंती सिमेंटऐवजी चुन्याच्या मसाल्यात बांधता येतील तिथे बांधा. ती वीट पुढच्या पिढीला शाबूत सुटेल.